नदीचा खरखरीतपणा कोण ठरवतो?

पुण्यात पावसाळ्यात नदीची पातळी कोणी मीटरमध्ये सांगत नाही. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढे कानावर आले, की खडकवासल्यातून विसर्ग वाढला आहे, नदीपात्रातला रस्ता बंद झाला आहे आणि ऑफिसला लकडी पुलावरून वळसा घालून जावे लागणार आहे, हे सगळे न सांगता समजते. डेक्कनकडून नारायण पेठेत नेणारा हा बुटका पूल म्हणजे शहराची बिनआकड्यांची मोजपट्टीच आहे. माझे पोट नकाशांवर चालते, त्यामुळे मला मात्र आकडे लागतात. मुळा-मुठा नदीकाठ विकसनाचा प्रकल्प सुरू झाल्यापासून मित्र, नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी मला एकच प्रश्न विचारतात: ‘काठ बांधून काढले तर पूर वाढेल का?’ याचे सरळ उत्तर मी देत नाही म्हणून ते वैतागतात. का देत नाही, ते एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा लेख.

प्रकल्पाची ओळख थोडक्यात करून देतो. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटर लांबीचे काठ, ते अकरा टप्प्यांत विकसित करण्याची ही योजना आहे. आराखडा अहमदाबादच्या ज्या संस्थेने साबरमतीचा नदीकाठ आखला, तिनेच केला आहे. 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि संगम पूल ते बंडगार्डन व त्याखालचा भाग येथून कामाला हात घालण्यात आला. काठावरच्या झाडांवरून 2023 च्या उन्हाळ्यात लोक रस्त्यावर उतरले, हेही अनेकांना आठवत असेल. बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्या दोन्ही बाजूंच्या हातातल्या कागदांविषयी, म्हणजे चित्रांविषयी आणि नकाशांविषयी लिहायचे आहे.

सादरीकरणात आपण जे पाहतो ते चित्र असते. हिरवळ, दगडी पायऱ्या, सायकलवरची मुले आणि मधोमध निळेशार, स्थिर पाणी. अशी चित्रे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी हा एक रंगाचा थर असतो, त्याची पातळी काढणारा स्वतः ठरवतो आणि ती वर्षभर तिथेच राहते. (मुठेत जानेवारीत प्रत्यक्षात काय वाहत असते, हे ओंकारेश्वराच्या मागे उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.) दुसरा प्रकार म्हणजे प्रतिमान, म्हणजेच नदीचे मॉडेल. त्यात पात्राचे आकारमान, उतार, पुलांचे खांब आणि वरून येणारा प्रवाह एवढे दिले जाते आणि पातळी हे उत्तर म्हणून बाहेर पडते. चित्रात पातळी आपण सांगतो, प्रतिमानात ती आपल्याला सांगितली जाते. निदान तसे असायला हवे. सादरीकरणाच्या पडद्यावर मात्र दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक येतात आणि बघणाऱ्याला एकाच जातीच्या वाटतात.

प्रतिमान हा प्रकार पुणेकरांना खरे तर परका वाटू नये. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याची सुरुवात 1916 सालची. नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत खरेखुरे पाणी सोडायचे आणि काय होते ते मोजायचे, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. विद्यार्थी असताना आम्हांला तिथे नेले होते. एका प्रतिकृतीच्या कडेला उकिडवे बसून एक कर्मचारी सिमेंटच्या तळावर बोटभर खडे एकेक करून बसवत होते. मला ती शोभेची कलाकुसर वाटली. आमच्या सरांनी सांगितले, ‘तळ गुळगुळीत ठेवला तर पाणी खऱ्या नदीपेक्षा लवकर निघून जाईल. मोजलेल्या जुन्या पुराशी पातळी जुळेपर्यंत ते खडे लावत राहणार.’ त्या खड्यांचे महत्त्व कळायला मला पुढची दहा वर्षे लागली.

आता ते खडे संगणकात आले आहेत आणि एका आकड्याच्या रूपाने आले आहेत. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश अभियंत्याने 1889 मध्ये मांडलेले सूत्र आजही नदीच्या बहुतेक प्रतिमानांच्या पोटात असते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर 1995 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, 2016 पासून त्यात पाणी दोन दिशांनी पसरवण्याचीही सोय आली, आणि ते कोणालाही फुकट मिळते. मोफत मिळणाऱ्या क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा तयार करायचा आणि हेक-रासमध्ये पाणी सोडायचे, एवढे घरच्या लॅपटॉपवर होते. मॅनिंगच्या सूत्रात ‘एन’ नावाचा एक आकडा आहे, तो तळाचा आणि काठांचा खरखरीतपणा सांगतो. गुळगुळीत काँक्रीटला तो सुमारे 0.013 ते 0.015 धरतात, स्वच्छ आणि सरळ नैसर्गिक पात्राला 0.03 च्या आसपास, दगडधोंडे व गवत असलेल्या पात्राला 0.035 ते 0.05, आणि दाट झुडपांच्या काठाला 0.1 किंवा त्याहूनही जास्त. नदीत उतरून हा आकडा मोजता येत नाही. तो अनुभवाने निवडावा लागतो आणि जुन्या पुराशी ताडून पाहावा लागतो.

हा एक आकडा काय करू शकतो, ते एका काल्पनिक नदीवर करून दाखवतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी मुठेचा निकाल देतो आहे. समजा, पात्र आयताकृती आहे, 150 मीटर रुंद आहे, उतार हजाराला एक आहे आणि सेकंदाला 1,000 घनमीटर पाणी येते आहे. हा प्रवाह सुमारे 35 हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला 35 हजार घनफूट होतो. कडेच्या भिंतींचे घर्षण सोडून दिले आणि एन 0.035 धरला, तर पाणी 3.3 मीटर खोल वाहते. पात्रात कुठेही हात न लावता फक्त एन 0.05 केला, तर खोली 4.1 मीटर होते. फरक अडीच फुटांहून जास्त. इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला अडीच फूट म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

आता काठ बांधू. पात्राची रुंदी एक पंचमांशाने कमी करून 120 मीटर करू आणि एन पूर्वीचाच, 0.035 ठेवू. खोली 3.8 मीटर येते, म्हणजे पातळी अर्धा मीटर चढते. हे अपेक्षितच आहे, त्याला संगणक कशाला हवा? पण आराखडा करणारा म्हणेल, ‘मी नुसता काठ आत घेत नाही, मी पात्र साफही करणार आहे. राडारोडा उपसणार, झुडपे काढणार, दगडी अस्तर घालणार. मग खरखरीतपणा कमी होणार.’ हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. तो एन 0.028 धरतो. पुन्हा गणित करा. खोली 3.3 मीटर. रुंदी एक पंचमांशाने घटली, एन एक पंचमांशाने घटला आणि दोघांनी एकमेकांना अगदी तंतोतंत खोडून टाकले. अहवालात वाक्य येते: ‘प्रस्तावित रचनेमुळे पूरपातळीत वाढ होत नाही.’ वाक्य खरे आहे, गणित बिनचूक आहे, कोणी कोणाला फसवलेले नाही. फक्त त्या वाक्यात न लिहिलेली एक अट आहे, की नदी कायम 0.028 इतकीच खरखरीत राहिली पाहिजे.

आणि नदी तशी राहत नाही. दगडांच्या सांध्यांत दोन पावसाळ्यांत पाणकणीस आणि घाणेरी उगवते, चौथ्या वर्षी बाभळीचे रोप मनगटाएवढे होते, गाळ साचतो, पुलांच्या खांबांना कापडाच्या चिंध्या आणि प्लास्टिक अडकते. साफसफाईचे कंत्राट एखाद्या वर्षी निघत नाही. एन हळूहळू पुन्हा 0.035 कडे सरकतो, रुंदी मात्र 120 मीटरच राहते. त्या वर्षी तेवढाच पूर आला तर अर्धा मीटर पाणी जास्त येईल. म्हणूनच ‘पूर वाढेल का’ या प्रश्नाला मी ‘एन किती धरला आहे आणि तो कोण सांभाळणार आहे’ असे उलट विचारतो आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतो.

साबरमतीचे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. तिथे पात्र सरसकट 263 मीटर रुंदीचे केले आणि 4.7 लाख क्युसेक पाणी वाहून जाईल असे काठ बांधले. शहरातून जाणारा तो सुमारे साडेअकरा किलोमीटरचा पट्टा रुंद व वालुकामय, खाली वासणा बंधारा, आणि एरवीचे पाणी नर्मदेच्या कालव्याचे. मुठा ही सह्याद्रीच्या पायथ्याची, अरुंद, खडकाळ नदी. तिच्या डोक्यावर खडकवासला आहे आणि त्याच्या मागे पानशेत, वरसगाव व टेमघर. एका नदीचे प्रतिमान दुसरीला लावता येत नाही, मग ते स्तुतीसाठी असो की टीकेसाठी.

एन हा निवडीचा भाग झाला. त्याच्याही आधी जमिनीची उंची लागते आणि तिथे आमच्या धंद्यातल्या बहुतेक चुका होतात. मी स्वतः केलेली चूक सांगतो. हौस म्हणून लकडी पूल ते संगम एवढ्या पट्ट्याचे प्रतिमान करायला बसलो आणि इंटरनेटवर फुकट मिळणारी, अमेरिकी अवकाशयानाने फेब्रुवारी 2000 मध्ये अकरा दिवसांत रडारने मोजलेली उंची वापरली. तिचा एकेक चौकोन 30 मीटरचा. मुठेचे शहरातले पात्र त्यात जेमतेम काही चौकोनांत बसते, आणि त्या मापातली चूक कित्येक मीटरची असू शकते. जो प्रश्न अर्ध्या मीटरचा आहे, तो मी मीटरच्या चुकीच्या पट्टीने मोजायला निघालो होतो. मग ड्रोनने घेतलेली दाट उंची एका ओळखीच्याकडून मिळाली. पाणी सोडले तर एका पुलाच्या वरच्या अंगाला तलाव तयार झाला आणि खालच्या अंगाला नदी कोरडी. रात्री साडेअकराला माझ्या लक्षात आले, की ड्रोन वरून पाहतो, त्याला पुलाचा माथा दिसतो, खालच्या कमानी दिसत नाहीत. माझ्या नकाशात तो पूल नव्हता, धरण होते. पूल हाताने काढून टाकला, खांब वेगळे दिले, तेव्हा नदी वाहू लागली.

तरी पाण्याखालचा तळ राहतोच. सर्वेक्षणाचा नेहमीचा लेझर पाण्यात शिरत नाही, तो पृष्ठभागावरच संपतो. पुण्यात तर अनेकदा पाण्याचा पृष्ठभागही नसतो, जलपर्णी असते. उन्हाळ्यात ड्रोन उडवला तर जलपर्णीचा हिरवा गालिचा सपाट जमीन म्हणून नोंदला जातो आणि प्रतिमानातली नदी मनुष्यभर उथळ होते. त्यावर उपाय जुनाच आहे: होडीतून ध्वनिलहरींनी खोली मोजायची, किंवा जिथे होडी चालत नाही तिथे दोन माणसांनी गमबूट घालून काठी घेऊन उतरायचे आणि काठापासून काठापर्यंत दर दोन-तीन मीटरवर तळ टेकवून आडवा छेद घ्यायचा. माझ्या मते कोणत्याही नदीकाठ प्रकल्पाच्या अहवालातले सर्वांत मौल्यवान पान हेच, आडव्या छेदांचे. ते सहसा परिशिष्टात शेवटी असते.

खालच्या टोकाला काय धरले आहे, हेही पाहावे लागते. मुठा संगमाला मुळेला मिळते आणि मुळेत वरून पवना आलेली असते. मावळात आणि मुळशीत एकाच रात्री कोसळला तर मुळा तुडुंब असते, मुठेला पुढे वाव राहत नाही आणि पाणी मागे चढते. आपल्याकडे याला फुगवटा म्हणतात, त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. प्रतिमानात मुठेचा पूर घेतला आणि त्याच वेळी मुळा शांत धरली, तर फुगवटा दिसतच नाही. ओढ्यांचेही तसेच. शहरातले पाणी नाल्यांतून नदीत उतरते. नदीच वर आली की नाल्यांची तोंडे बुडतात आणि काठाला भिंत असेल तर आतले पाणी आतच तुंबते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला झालेल्या पावसाने आंबील ओढ्याने जो हाहाकार केला, तो धरणाच्या विसर्गाचा पूर नव्हता. त्यामुळे नदीचे आणि ओढ्यांचे प्रतिमान जोडलेले नसेल, तर भिंतीच्या आतल्या बाजूला राहणाऱ्यांसाठी त्या अहवालात काहीच नसते.

आता पूररेषा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी रेषा ही साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मधे अटींसह परवानगी. खडकवासल्याखालच्या मुठेसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेकची आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरली जाते. ‘25 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोक निर्धास्त होतात, पण त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार शक्यता, एवढाच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 71 टक्के भरते आणि लाल रेषेच्या पुराची 26 टक्के. बँकेच्या माणसाने हे मला कधी सांगितले नाही.

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी परिसरात घरांत पाणी शिरले. लोक झोपेत होते. 35 हजार हा आकडा निळ्या रेषेच्या 60 हजारांपेक्षा बराच कमी आहे. यात एक गोष्ट विसरली जाते, की धरणाच्या खाली शहरापर्यंतचा जो मुक्त पाणलोट आहे, म्हणजे ज्याचे पाणी धरणात न अडता थेट नदीत येते तो भाग, त्यावर त्या रात्री मुसळधार पाऊस चालूच होता, आणि सांडव्यावरच्या आकड्यात तो धरलेला नसतो. दुसरी गोष्ट अशी, की रेषा कागदावर आखल्यावर काठावर भराव पडतात, रस्ते होतात, भिंती उभ्या राहतात. नदीचा छेद बदलतो, नकाशावरची रेषा मात्र आखली तेव्हाचीच राहते. दर पावसाळ्यानंतर छेद पुन्हा मोजून रेषा तपासणे आजच्या साधनांनी अवघड नाही. उत्तर गैरसोयीचे येण्याची शक्यता असते, हीच काय ती अडचण.

प्रतिमान खरे की खोटे, हे ठरवायला घडून गेलेल्या पुराची खूण लागते. पुण्यात पुराची खूण म्हटले की 12 जुलै 1961. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला धरण गेले आणि पेठा बुडाल्या. नारायण पेठेतल्या एका वाड्यातल्या आजोबांनी मला जिन्याजवळची भिंत दाखवली होती. ‘हे बघ, इथपर्यंत,’ म्हणत त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. मी टेप काढला तर म्हणाले, ‘आधी चहा घे. साठ वर्षांत हललेली नाही ती खूण, दहा मिनिटांत कुठे जाते?’ ते माप मी घेतले, जपूनही ठेवले, पण प्रतिमान जुळवायला ते फारसे कामाचे नाही. धरण फुटून आलेली लाट आणि दारे उघडून सोडलेले पाणी यांची जात वेगळी. शिवाय तेव्हाचे काठ, तेव्हाची शेते आणि तेव्हाचे मोजके पूल आज कुठे आहेत? जुळवणीला हवा असतो अलीकडचा, मध्यम, ज्याचा विसर्ग तासातासाने नोंदला आहे असा पूर. म्हणजे 2024 चाच.

म्हणून त्या पुरानंतरच्या रविवारी मी लेव्हल (तिपाईवरची उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (उंच मापपट्टी) आणि खडू घेऊन सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत गेलो. गाद्या रस्त्यावर वाळत होत्या, फ्रीज उताणे पडले होते आणि सगळ्या कुंपणांवर एकाच उंचीला चिखलाची तपकिरी रेघ उमटली होती. पट्टीने आखल्यासारखी. तीच मला हवी होती. तिसऱ्या इमारतीपाशी पोहोचलो तर वॉचमनकाका पाइप लावून भिंत धूत होते आणि निम्मी रेघ वाहून गेलेली. मी धावत जाऊन म्हणालो, ‘काका, दोन मिनिटं थांबता का? एवढं माप घेतो.’ त्यांनी माझ्याकडे आणि तिपाईकडे आळीपाळीने पाहिले. ‘महापालिकेतनं आलात का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी नळ बंद केला, माझ्या हातातला स्टाफ घेतला आणि उरलेल्या रेघेपाशी तो सरळ धरून उभे राहिले. ‘घ्या लवकर,’ म्हणाले, ‘मॅडमनी दुपारपर्यंत सगळं स्वच्छ करायला सांगितलंय.’